नाताळ तयार आहे, कृपया बसू नये

घर राहण्यासाठी असतं, हा माणसाचा फार जुना गैरसमज आहे. घर असतं पाहुण्यांसाठी. आपण तिथे नुसते राखणीला. आणि राखणदाराने मालकाच्या खुर्चीत बसू नये, इतकी साधी गोष्ट आहे ही. पण ती कळायला माणसाला फर्निचरच्या शोरूममध्ये नोकरी करावी लागते.

थोरल्याने तिथे उमेदीची वर्षं घालवली होती. थोरला म्हणजे दोन भावंडांतला मोठा. धाकटी बहीण लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला. शोरूममध्ये त्याच्याकडे एकच काम, पण जोखमीचं. कुणाला बसू द्यायचं नाही. लोक सोफा बघायला येतात आणि नालायक लगेच बसतात. पोराबाळांसकट बसतात, हातात आइस्क्रीम घेऊन बसतात. ओरडायची परवानगी नाही, गिऱ्हाईक म्हणजे देव. मग थोरला लांबूनच खोकायचा. काय खोकला होता महाराज! आजारी माणसाचा खोकला त्याच्यापुढे झक मारतो. एकदा खोकला की अख्खं कुटुंब उठून उभं, आणि वर आपणच गादी नीट करून जायचं.

त्या शोरूममध्ये एक नमुन्याचं घर मांडलं होतं. नळाला पाणी नसलेलं स्वयंपाकघर. पानं नसलेली पुस्तकं. पुठ्ठ्याचा टीव्ही. आणि एक डबलबेड, ज्यावर आजपर्यंत एकही भांडण झालेलं नाही. थोरला त्याच्याकडे बघून म्हणायचा, "घर म्हणावं तर याला."

त्याचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि माणसं तीन: तो, बायको आणि म्हातारी आई. तिथे खुर्चीवर कपडे, कपड्यांवर इस्त्री आणि इस्त्रीवर म्हातारीचा चष्मा. म्हणजे सगळं जागच्या जागी, फक्त माणसाला जागा नाही.

चार नाताळांपूर्वी धाकटी नवऱ्याला घेऊन जेवायला आली होती. तिला दिलेल्या खुर्चीचा पाय गेला. बाई ताटासकट खाली, रस्सा नव्या कपड्यांवर. सगळे हसले. (हसण्यात थोरला पुढे होता. हे तो नाकारतो, पण म्हातारीला आठवतं, कारण दोन नंबरला ती होती.) धाकटी उठली, हात पुसले आणि म्हणाली, "या घरात माणसाला बसायला जागा नाही." आणि निघाली. जावई तेव्हा कोंबडीच्या दुसऱ्या तंगडीवर होता. तो तंगडीसकट गेला.

त्यानंतर ती आली नाही. फोनवर शुभेच्छा यायच्या, त्याही अशा, की वीज मंडळाकडूनसुद्धा जरा मायेच्या येतात. दर नाताळला म्हातारी एक ताट जास्तीचं मांडायची, पुसायची आणि परत ठेवायची.

यंदा मात्र धाकटीचा फोन आला. "येतो आम्ही नाताळला. दुपारच्याला. बघू."

येतो, हे म्हातारीने ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. थोरल्याने ऐकलं ते फक्त "बघू". बघू म्हणजे तपासणी. बहीण परत मिळवायची तर ती याच एका दुपारी, नाहीतर गेली ती कायमची. हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्याने काम हाती घेतलं.

पहिल्यांदा पुढची खोली घेण्यात आली. रंग दिला. झाड उभं केलं, तारा टांगला, दिवे सोडले. जुना सोफा आणि मोडकी खुर्ची काढून शोरूममधून सहा खुर्च्या आणल्या, उसन्या. खोली अशी झाली की बायकोला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो, आणि तिने चपला बाहेर काढल्या. तयार खोली बिघडू नये म्हणून थोरल्याने दारात या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत बांधली. फितीला पाटी: कृपया बसू नये.

"अहो, मग मी टीव्ही कुठून बघू?" बायको म्हणाली.

"दारातून."

"बसू कुठे?"

"बसायचं कशाला? उभ्याने काय टीव्ही कमी दिसतो?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका अशा प्रश्नांवर नुसती कणीक जास्त मळतात.

आता तयार खोलीच्या शेजारी बिनतयार खोली म्हणजे धुतलेल्या सदऱ्याखाली मळका लेंगा. तेव्हा दुसरी खोलीही घेण्यात आली. पलंगावर आठ उशा. (डोकी जितकी त्याच्या दुपटीहून जास्त उशा, असा धंद्याचा नियम आहे. त्या डोकं ठेवायला नसतात.) फीत बांधली. कुटुंब स्वयंपाकघरात झोपायला गेलं. म्हातारीचं डोकं सिंकखाली आणि पाय फ्रिजकडे. कुणी पाण्याची बाटली काढली की ती झोपेत म्हणायची, "खिडकी लावा रे."

मग भेटवस्तू. चकचकीत कागदातली, रिबिनी लावलेली खोकी झाडाखाली रचण्यात आली. बायकोने एक उचललं. ते वाऱ्यासारखं हलकं.

"अहो, आत काही नाही यात."

"आत काय असायला पाहिजे? खोकं लोक बाहेरून बघतात."

केकही आला, तीन मजली, थर्माकोलचा, वरून पांढरं प्लास्टर. खरा केक लोक कापतात, आणि कापलेल्या केकला काही चेहरा राहत नाही. म्हातारीने बोट लावून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"अरे, मग खायचा कुठला?"

"आई, खायचा केक वेगळा आणि नाताळचा केक वेगळा."

"माझ्या वेळेला एकच होता बाबा," म्हातारी म्हणाली.

शेवटी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. ओटा असा घासला की त्यात तोंड दिसायला लागलं, आणि तोंड दिसणाऱ्या ओट्यावर कोंबडी भाजणं म्हणजे स्वतःच्या थोबाडावर तेल उडवणं. न्हाणीघरात पांढऱ्या टॉवेलांचे हंस करून ठेवले. हंसाने कुणी अंग पुसत नाही. फीत, आणखी एक फीत. आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात सदर कुटुंब आपल्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, वळकट्यांसकट राहायला आलं.

खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. स्वयंपाक त्यांच्याकडे, अंघोळ त्यांच्याकडे.

"चहा माझ्याकडे, अंघोळ माझ्याकडे," नर्सबाई म्हणाल्या, "मग नवरा तेवढा वर कशाला ठेवलायस? तोही आणून टाक. इंजेक्शन देते एक."

"त्यांना सुई टोचली तर सुई वाकेल," बायको म्हणाली.

याच काळात थोरल्याने घरच्यांची मतं घेतली. तिघांपैकी एकाचं म्हणणं पडलं की घर इतकं सुंदर कधीच नव्हतं. उरलेल्या दोघींनी मत दिलं नाही, कारण त्या नर्सबाईंच्या न्हाणीघराबाहेर नंबर लावून उभ्या होत्या. म्हणजे विरोधात मत शून्य.

नाताळचा दिवस उजाडला. तिघंही इस्त्रीचे कपडे घालून जिन्यात भिंतीला न टेकता उभे. दुपारी पावलं वाजली. पुढे धाकटी, हातात पिशवी. मागे जावई. जावई क्रेन चालवतो. दिवसभर आभाळात एकटाच बसलेला असतो, त्यामुळे जमिनीवर आला की बोलायची सवय नाही, फक्त जेवायची आहे.

म्हातारीने धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. थोरला म्हणाला, "ये. बघ." आणि दार उघडलं.

झाड लखलखत होतं. सहा खुर्च्या एका रेषेत. दिवे काय, खोकी काय, तीन मजली केक काय! धाकटी फितीपाशी उभी राहिली. थोरला तिच्या बाजूला, हात मागे बांधून, ड्युटीवर असल्यासारखा.

"छान केलंस रे दादा," ती म्हणाली. खरंच म्हणाली. आणि फीत जरा खाली दाबून तिने एक पाय आत टाकायला उचलला.

थोरला खोकला.

त्याला खोकायचं नव्हतं हो. आईच्यान नव्हतं. पण इतक्या वर्षांचा खोकला, तो काय मालकाला विचारून येतो? धाकटीने उचललेला पाय होता तिथेच परत ठेवला. फीत सोडून दिली. फीत दोनदा हलली आणि थांबली.

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. धाकटीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. निघायच्या आधी माणूस घेतो तशी.

"मी बसते बाई," म्हातारी म्हणाली. "हाडं दुखायला लागली उभं राहून." आणि ती पायरीवर बसली. बसली ती मधोमध. मग लेकीकडे बघितलं, आणि भिंतीला लागून सरकली. बाजूची जागा हाताने पुसली. "ये."

धाकटी उभीच. मग खालून नर्सबाई घमघमणारं पातेलं घेऊन आल्या, तेव्हा जावई कुणाला न विचारता बसला. धाकटीही बसली. बायको ताटं घेऊन आली. वरचे लोक खाली उतरायला लागले की सगळे एका बाजूला, खालचे वर निघाले की दुसऱ्या बाजूला. सरका, सरका, अहो रस्सा सांभाळा. नर्सबाईंनी पायरीवरच भाजलेली कोंबडी तोडली. थोरला तेवढा दाराशी उभा.

"दादा," धाकटी जेवता जेवता म्हणाली, "त्या वर्षी मी पडले म्हणून नव्हते गेले."

"मग?"

"खुर्ची मोडली, तुम्ही हसलात. हसा की. मी पण हसले असते. पण समोर सोफ्यावर तुम्ही तिघं होतात. मी खाली बसलेली. कुणी सरकलं नाही."

म्हातारीने घास ताटात परत ठेवला. थोरल्याने आतल्या सहा खुर्च्यांकडे बघितलं.

"म्हणजे खुर्चीबद्दल तक्रार नव्हती?"

"खुर्चीला काय धाड भरली होती? बस आता," असं म्हणून धाकटी सरकली.

थोरला बसला. अर्धाच बसला, उठायची तयारी ठेवून, पण बसला. जावयाने दोन तंगड्यांतली एक त्याच्या ताटात ठेवली. चार वर्षांत त्या माणसाने काढलेला तो पहिला शब्द समजा. जाताना धाकटी म्हणाली, "पुढच्या नाताळला पण येते. असंच बसू."

आता दुसरा कुणी असता तर यातून काही शिकला नसता आणि सुखी झाला असता. थोरला शिकला. पुढच्या खोलीची फीत त्याने दुसऱ्या दिवशीच काढली, बसा म्हणाला कुणीही. आणि पुढच्या वर्षी त्याने जिना घेतला.

जिना घासला, पॉलिश केला. पायरीपायरीवर गाद्या. कुणी कुठे बसायचं त्याच्या खुणा, आणि प्रत्येक खुणेच्या बाजूला वीतभर पट्टी मारून त्यावर लिहिलं: सरकण्यासाठी राखीव. वरच्या मजल्यावरच्यांनी नाताळ होईपर्यंत वरच राहावं, अशी त्यांना नम्र विनंती करण्यात आली. नर्सबाईंच्या दारावर तशीच विनंतीची पाटी लागली तेव्हा त्यांनी ती काढून चुलीत घातली. आणि तळाच्या पायरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत.

धाकटी आली. खाली उभी राहिली. वर पॉलिशच्या त्या टोकाला थोरला.

"दादा, वर कशी येऊ?"

थोरल्याच्या घशात खोकला आला. त्याने तो दाबला. इतका दाबला की डोळ्यांतून पाणी आलं. मग जिन्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि म्हणाला, "थांब. मीच येतो."

तो बुटासकट उतरला. पहिल्या गादीवर पाय दिला, दुसऱ्या गादीवर दिला. पॉलिशवर ठसे असे उठले, जसा बैल गेला. सगळ्यात खाली येऊन तो फितीवरच बसला, आणि सरकला. राखीव जागा सोडून भलत्याच बाजूला सरकला.

तर थोरला सुटला एकदाचा. आता तुमचं बोलू. इतका वेळ हसलात, बरं केलंत. पण तुमच्या कपाटात वरच्या फळीवर तो सोनेरी काठाच्या कपांचा सेट आहे ना, पाहुण्यांसाठी ठेवलेला? तुम्ही रोज कान तुटलेल्या कपातून चहा पिता, आणि इतका मोठा पाहुणा कोण, ते अजून ठरत नाही. असू द्या, घाई नाही. जपून ठेवा. एक दिवस येतीलच की सगळे. घर भरून येतील. फक्त त्या दिवशी तुम्ही आडवे असाल, आणि चहा शेजारच्यांकडून येईल, कागदी कपात.