सायकलीच्या इंजिनाला स्टोव्हची पिन

सायकलीला इंजिन बसवायचं मी ठरवलं तेव्हा माझं वय बहात्तर होतं आणि शिक्षण आठवी. (आठवी पास की नापास, हे सांगायला आता एकही मास्तर उरलेला नाही. म्हणून मी पास सांगतो.)

दोष सगळा आमच्या घराण्याचा. आम्ही शिलेदार. पूर्वी फौजेत दोन जातींचे स्वार असत. सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. पुढं फौज गेली, घोडे गेले, अकड तेवढी राहिली. त्या अकडीतून आमच्या घरात एक रीत उरली आहे. अष्टमीला कंपूच्या टेकडीवरच्या देवीची ओटी भरायला घरच्या बाईनं जायचं ते स्वतःच्या पायांनी, नाहीतर स्वतःच्या वाहनावर. भाड्याचं वाहन चालत नाही. ऑटो नाही, ई-रिक्षा नाही, काही नाही. माझी बायको शांता लग्न होऊन ग्वाल्हेरच्या माधवगंजात आली तेव्हापासून चव्वेचाळीस अष्टम्या पायी गेली. एक चुकली नाही.

यंदा तिच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टर म्हणाला, "माताजी, चढाई बिलकुल बंद." घरी आल्यावर ओटीसाठी काढलेला खण शांतानं परत घडी घालून ठेवला आणि ट्रंकेचं झाकण लावता लावता म्हणाली, "यंदा इथूनच हात जोडीन म्हणते."

मी जन्मभर या मोहल्ल्याच्या खोड्या काढत आलोय. वरातीतल्या बँडवाल्यांसमोर चिंच खाल्लीय, पुढाऱ्याच्या हारात मिरच्या ओवल्यात. पण ती घडी बघून मला काही थट्टा सुचेना. मी एवढंच म्हणालो, "घोडा आणतो."

"आणि चारा?"

"पेट्रोल पितो."

दौलतगंजात समरजीत नावाचा एक कारागीर आहे. साध्या सायकलीला लहानसं टू-स्ट्रोक इंजिन बसवून देतो. माझी जुनी सायकल त्याच्याकडं नेली, दोन दिवसांत तिच्या पोटात पपईएवढं इंजिन बसलं. त्या इंजिनाच्या बाजूला लिंबाएवढं एक भांडं. त्याला म्हणतात कार्ब्युरेटर. टाकीतून पेट्रोल येतं, बाहेरून वारा येतो, दोघांची गाठ त्या लिंबात पडते आणि पुढं भडका उडतो. (लग्नाचंही तेच. फक्त तिथं लिंबू लागत नाही.) काय कारागिरी हो! मुंगीच्या डोळ्याएवढ्या भोकातून पेट्रोल येतं आणि दोन मणांचा माणूस पुढं जातो.

समरजीत म्हणाला, "चाचाजी, एक लीटर में ऑइल के दो ढक्कन. बस. ट्यूनिंग मैं ससुराल से लौट के करूँगा, दशहरे के बाद. तब तक किसी पेंच को हाथ मत लगाना."

अष्टमी चार दिवसांवर आलेली आणि हा दसऱ्यानंतर येणार! मी म्हणालो, "नहीं लगाऊँगा." (दौलतगंजाच्या कोपऱ्यापर्यंत खरोखर नाही लावला.)

घरी आल्यावर मी विचार केला. घरचा पहिला घोडा, आणि त्याला दोन ढक्कन तेल? पाहुण्याच्या पोळीला आपण तूप मोजतो का? मी सहा ढक्कन ओतलं. मग माझं लक्ष गेलं त्या लिंबाच्या मागच्या भोकाकडं. उघडंच्या उघडं! ग्वाल्हेरची धूळ तुम्हाला माहीत नाही. मी माझी जुनी माकडटोपी कापली, दुहेरी केली आणि भोकावर गच्च बांधून टाकली. आता धुळीची काय बिशाद.

सायकल स्टँडवर चढवून पायडल मारलं, तर इंजिन खोकलं, खाकरलं आणि त्यानं असा धूर सोडला की समोरच्या देवळातला मारुती दिसेनासा झाला. शेपटीपासून वर, हळूहळू. धुरातून माणसं यायला लागली.

"भाईसाहब, नगर निगम में लग गए क्या?"

समोरची मंजिरी वरच्या गच्चीवरून ओरडली, "मल्हारकाका, आमच्या टाकीखाली पण मारा ना! मच्छर फार झालेत!"

अशी संधी सोडणारा मी नव्हे. तोंडाला रुमाल बांधला आणि म्हणालो, "लाइन से! खाने की चीज़ें ढक लो! बच्चे अंदर!" सात घरं धुवून काढली. मंजिरीनं पलंगाखालीसुद्धा धूर मारून घेतला आणि वर चहा पाजला. आठव्या घराच्या दारात इंजिन फुस्स झालं आणि ढकलत घरी आणावं लागलं. शांता दारात उभी. "मच्छर मेले?"

"मेले असतील."

"माझ्या वरणात दोन जिवंत पडलेत. आंधळे होऊन."

मग शेजारचे शरच्चंद्रपंत आले. यांचे पूर्वज दरबारात पुराण सांगत. हे निवृत्त हेडक्लार्क, कसलाही छापील कागद दिसला की त्याचं पुराण सांगतात. इंजिनाबरोबर बारा पानांचं इंग्रजी चोपडं आलं होतं. ते त्यांनी डोळ्यांना लावलं.

"इथं लिहिलंय, स्क्रू दीड फेरा बाहेर."

"कोणता?"

"चित्रातला."

"चित्रात दोन आहेत."

"मग मधला."

"दोनात मधला कुठून आणू?"

"मल्हारराव, वाद घालायचा असेल तर तुम्हीच वाचा!"

(मला इंग्रजी येत नाही हे ठाऊक असून असं बोलतात. ब्राह्मणाची तलवार ही अशी असते, रक्त दिसत नाही.)

शेवटी आम्ही दोन्ही स्क्रू फिरवले, एक त्यांनी आणि एक मी. परत सुरू केल्यावर इंजिनानं अशी किंकाळी फोडली की पंत चोपड्यासकट गटाराच्या पलीकडं. मग ते थांबलं, आणि संध्याकाळपर्यंत पायडल मारमारून माझेच गुडघे शांताच्या गुडघ्यांना भेटायला निघाले.

नाइलाजानं समरजीतला सासरी फोन लावला. "समर बेटा, इंजिन बंद पड़ गया, पहले धुआँ बहुत..."

"और भैंस कैसी है, चाचाजी?"

आणि फोन बंद. झालं होतं असं, की गेल्या होळीला मी त्याला कळवलं होतं, तुझ्या दुकानात म्हैस शिरली आहे. तो जेवत्या ताटावरून उठून अनवाणी धावला होता. तेव्हा मी फार हसलो होतो. आता दोनदा लावला, तीनदा लावला. चौथ्यांदा त्याच्या सासूनं उचलला आणि म्हणाली, "मोटी हो गई होगी अब तो." म्हणजे सासरपर्यंत पोचलेली होती म्हैस.

सप्तमीची सकाळ उजाडली. उद्या अष्टमी. खण ट्रंकेत. मी शेवटचा उपाय म्हणून पायडल मारतोय, पंत बाजूला चोपडं उलटं धरून बघतायत. शांता दारात बसून ताटात तांदूळ निवडत होती. इंजिन म्हणालं, "फट्... फटफ... फुस्स."

मान वर न करता शांता म्हणाली, "बर्नर कोंदलाय."

"अगं, हे इंजिन आहे. स्टोव्ह नव्हे."

"तेल लागतं?"

"लागतं."

"वारा लागतो?"

"लागतो."

"आत जळतं?"

"जळायला तर पाहिजे."

"मग आणखी काय असतं स्टोव्हात?"

पंतांनी माझ्याकडं पाहिलं, मी पंतांकडं. बारा पानं इंग्रजी होतं त्या चोपड्यात, आणि एवढं एक वाक्य नव्हतं.

शांता भिंतीला धरून उठली, पाट घेऊन सायकलीपाशी बसली. पहिलं बोट ठेवलं माकडटोपीवर.

"हे काय?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"अहो, याचं नाक बांधलंत तुम्ही! हीच टोपी दुहेरी करून तुमच्या तोंडावर बांधते, मग पळून दाखवा दौलतगंजापर्यंत."

पंत हसले. गरजेपेक्षा जास्त हसले.

तिनं टोपी फेकली आणि त्या जागी चहाच्या जुन्या गाळणीची जाळी बसवली. धूळ बाहेर, वारा आत. मग माझ्याकडून ठिणगी पाडणारा प्लग काढवला. काळा, ओला. "काजळी. तेल जास्त, वारा कमी. किती ढक्कन घातलंत?" मी म्हणालो, तीन. तिनं नुसतं पाहिलं. मी म्हणालो, सहा. टाकी रिकामी करवली, नवं पेट्रोल, दोन ढक्कन मोजून.

मग ती आत गेली आणि फडताळाच्या मागून एक पत्र्याची पट्टी घेऊन आली. स्टोव्हची पिन! घरात गॅस येऊन चोवीस वर्षं झाली, पिन अजून जागेवर. लिंबाच्या पोटातला तो मुंगीच्या डोळ्याएवढ्या भोकाचा जेट काढून तिनं उन्हाकडं धरला. पलीकडचं काही दिसेना. पिन अशी अलगद घातली, जशी झोपलेल्या लेकराच्या कानातून बाळी काढावी. कण निघाला. परत उन्हाकडं धरला. "दिसला सूर्य."

आत एक सुई असते, तिच्या मानेवर चार खाचा, खाचेत एक इवलीशी क्लिप. तिनं क्लिप एक खाच वर सरकवली. "म्हणजे सुई खाली बसेल. तेवढं तेल कमी येईल." हे तिला कोणी सांगितलं? कोणी नाही. हातात धरून दोनदा वरखाली करून बघितलं आणि कळलं. मी आणि पंतांनी तीच सुई आदल्या दिवशी अर्धा तास बघितली होती, आणि आमचं एकमत झालं होतं की ही शोभेची असावी.

इंजिन सुरू झालं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. एक स्क्रू पाव फेरा इकडं, जरासा तिकडं. "उकळी नको. आधण हवं." आणि खरंच, इंजिन आधणासारखं वाजायला लागलं, एकसारखं, बारीक. गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारून आलो, थंड झाल्यावर प्लग काढून दाखवला. पोळीला भाजताना डाग पडतो ना, त्या रंगाचा झाला होता.

"झालं," ती म्हणाली आणि राहिलेले तांदूळ निवडायला बसली.

अकरा माणसांचं घर होतं आमचं तेव्हा. वीस वर्षं ती स्टोव्हावर रांधत होती. भांड्याला कधी काजळी नाही, घरात कधी वास नाही. मी समोर बसून जेवायचो आणि मला वाटायचं, स्टोव्ह आपोआपच निळा जळतो.

अष्टमीला तिनं खण काढला. नऊवारी नेसली, काष्टा घातला, ओटीची पिशवी हँडलला लावली. मी पुढं, ती मागं कॅरिअरवर. कंपूपर्यंत आम्ही असे गेलो, असे गेलो, की लोक वळून बघत होते. मी घंटी वाजवत होतो. पुढं कोणी नसतानाही.

टेकडीचा चढ लागला. इंजिन कण्हलं, थरथरलं आणि उभं राहिलं.

"वजन जास्त होतंय," शांता म्हणाली.

"तुझं?"

(जित्याची खोड.)

"उतरा."

"आणि चालवणार कोण?"

"लग्नाआधी जयेंद्रगंजातून शाळेत काय तुमच्या घोड्यावर जात होते?"

उतरलो. तिनं सीट खाली करायला लावली, पदर खोचला, क्लच दाबून धरला. म्हणाली, "ढकला." मी ढकललं. धावत ढकललं. तिनं क्लच सोडला, आधण वाजायला लागलं, आणि माझ्या हातातून कॅरिअर सुटलं. अडुसष्ट वर्षांची बाई, दुखरे गुडघे, चढाच्या वळणावर एकदाही मागं न बघता वर गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराला दोष द्यावा, तर धूरच नव्हता.

अर्ध्या तासानं मी वर पोचलो, तेव्हा ओटी भरून झाली होती. पंचेचाळिसावी. शांता पायरीवर बसली होती आणि भोवती गर्दी. एक तरणा माणूस आपली खोकणारी जुनी स्कूटर घेऊन तिच्यासमोर उभा होता. कितीतरी वेळ इंजिन चालू ठेवून त्यानं ते ऐकवलं होतं. "इसको हवा नहीं मिल रही, बेटा," शांता सांगत होती. "प्लग निकालो पहले." तो खाली वाकून कामाला लागला.

अशा वेळी घरच्या पुरुषानं मागं राहणं बरं दिसत नाही. मी गर्दी सारून पुढं झालो आणि म्हणालो, "मैं इनका मिस्टर हूँ. ट्यूनिंग इन्होंने मुझसे ही सीखी है."

त्या माणसाला इतका आनंद झाला! "अच्छा हुआ उस्ताद, आप आ गए," तो म्हणाला, आणि नुकताच काढलेला प्लग त्यानं आपल्या फडक्यातून उचलून माझ्या उघड्या तळहातावर ठेवला.

देवीसमोर खोटं बोलू नये, असं म्हणतात. पण प्रसाद इतका गरम आणि इतक्या लगेच मिळतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.