सोंडभर पाणी आणि साळिंदर सरांचं प्रमाणपत्र

एका जंगलात, बाळांनो, एकही समाजसेवक नव्हता. त्यामुळे तिथे जो तो दुसऱ्याच्या मदतीला धावायचा. फारच मागासलेलं जंगल होतं ते.

तिथे तानूबाई नावाची एक हत्तीण राहायची. टेकडीवरच्या गुहेत भिवाजी नावाचं म्हातारं अस्वल होतं. त्याचे गुडघे कामातून गेले होते, नदीपर्यंत उतरणं जमत नसे. म्हणून तानूबाई रोज दुपारी सोंडभर पाणी घेऊन टेकडी चढायची. भिवाजी प्यायचा, "आज गाळ लागतोय गं," अशी कुरकुर करायचा, आणि तानूबाई खाली यायची. आपण जे करतो त्याला शास्त्र असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

मग लांबच्या जंगलात शिकून साळिंदर सर परतले. त्यांनी वडाखाली केंद्र काढलं आणि सिंहमहाराजांकडून फर्मान आणलं. यापुढे प्रमाणपत्राशिवाय कोणी कोणाला मदत करायची नाही. महाराजांनी न वाचताच पंजा उमटवला. त्यांची जेवायची वेळ झाली होती.

तानूबाईने फर्मान ऐकलं. ती तडक वडाखाली गेली.

"सर, भिवाजीदादाला पाणी द्यायचंय. त्याला कुठलं प्रमाणपत्र लागतं?"

साळिंदर सरांनी पाठीवरचा एक काटा उपटला, पळसाचं पान पुढे ओढलं आणि लिहायला घेतलं. "वय झालंय का त्याचं?"

"झालंय की."

"मग वृद्धसेवा. व्यसन काही?"

"मोहाची फुलं खातो थोडी."

"मग व्यसनमुक्ती. कधीपासून खातो?"

"अस्वलीण गेली तेव्हापासून."

"अरे वा, मग शोक-समुपदेशनही आलं." सर खुशीत आले. "एकाच अस्वलात तीन विषय. नशीबवान आहात. पण एकच निवडा, विशेष अभ्यास म्हणतात याला."

"पाण्याचं नाही का काही?"

"पाण्याला मागणी नाही हो."

तानूबाईने मुकाट्याने वृद्धसेवा घेतली. वर्ग भरायचा दुपारी, नेमका पाण्याच्या वेळेला. शिकणाऱ्याने त्या काळात सेवा करायची नाही, हाही नियम होता. पहिल्या दिवशी 'गरज' या शब्दाच्या चार व्याख्या झाल्या. तानूबाईच्या सगळं डोक्यावरून गेलं. तिचं लक्ष टेकडीकडे होतं.

तिकडे भिवाजीकडे मात्र रीघ लागली होती. व्यसनमुक्तीचा विद्यार्थी बंडू माकड आला. भिवाजी तहान मारायला मोहाची रसरशीत फुलं चघळत होता. बंडूने ती सगळी जप्त केली आणि प्रगती उत्तम, असं पानावर लिहिलं.

मग शोक-समुपदेशनाची विद्यार्थिनी, गोदू कोल्हीण आली. मान तिरकी करून तिने मऊ आवाजात विचारलं, "काका, तहान लागली की कोणाची आठवण येते?"

"तानूची," भिवाजी म्हणाला.

गोदूने लिहिलं, 'एकाच व्यक्तीवर अवलंबून. प्रकरण गंभीर.' आणि पान सुकवायला ती नदीकाठच्या वाळूवर गेली. येताना पाणी आणावं असं तिला सुचलं नाही असं नाही, पण तो तिचा विषय नव्हता.

तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. सरांनी तानूबाईला विचारलं, "समोर तहानलेला वृद्ध दिसला, तर पहिलं पाऊल कोणतं?"

"नदीकडे," तानूबाई म्हणाली.

"चूक. पहिलं पाऊल नोंदणीचं. दुसरं..."

दुसरं पाऊल ऐकायला तानूबाई तिथे नव्हतीच. ती नदीवर सोंड भरून टेकडी चढत होती. तीन दिवस आपण बसलो कशाला, म्हणून मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होती.

भिवाजी गुहेच्या तोंडाशी आडवा पडला होता. ओठांना भेगा पडल्या होत्या. पावलं ऐकून त्याने डोळे न उघडताच विचारलं, "आता कुठलं पान भरून देऊ?"

तानूबाईला बोलता येईना, सोंड भरलेली होती. तिने तशीच ती त्याच्या तोंडाशी नेली. बऱ्याच वेळाने भिवाजी पुटपुटला, "गाळ लागतोय गं." तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला, आणि ती ढसाढसा रडली.

दोनच दिवसांत भिवाजी उठून बसला. बंडू आणि गोदू विशेष प्रावीण्यासह पास झाले, कारण त्यांचं अस्वल सुधारलं होतं. तानूबाई नापास झाली. तिच्या पानावर कारण लिहिलं होतं, 'थेट मदत केली.'

पदवीदान समारंभाला यशस्वी प्रकरण म्हणून भिवाजीला बोलावलं. पण त्याला चालता कुठे येत होतं? मग सरांनी तानूबाईलाच निरोप धाडला, जरा पाठीवरून घेऊन या. तिने आणलं. भर उन्हात भाषणं चालली. भिवाजीचं तोंड कोरडं पडलं. तानूबाई गुपचूप उठली आणि नदीकडे गेली.

ती सोंड भरून परतली तेव्हा साळिंदर सर नवा अभ्यासक्रम जाहीर करत होते. 'सोंडेने जलसेवा', मुदत दोन वर्षं. आधी नापास झालेल्यांनी अर्ज करू नये.

तात्पर्य: समाजसेवेत पहिला नंबर काढायचा असेल, तर बाळांनो, तहानलेला नीट पारखून निवडावा. त्याला पाणी पाजायला एखादी नापास हत्तीण आधीपासून असली पाहिजे.