पदूच्या कौलावरचा दात

सकाळी साडेनऊला हर्षलाने तोंडातला चिक्कीचा तुकडा तळहातावर काढून आजोबांना दाखवला आणि ती म्हणाली, "आबा, माझा दात पडला."

चिक्कीत खरोखरच एक दात रुतून बसला होता, चकचकीत, स्टीलचा. हर्षलाची डावीकडची खालची दाढ किडली होती. शिळफाट्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कीड काढून, आत औषध भरून, आठच दिवसांपूर्वी वर ही स्टीलची टोपी बसवली होती. तेव्हापासून पोरगी सगळ्या आळीला जबडा उघडून दाखवत हिंडत होती. चिक्की आणि ऊस बंद, असं बाईंनी बजावलं होतं. आबाजींनी ते ऐकलं नव्हतं असं नाही. पण नातीने हात पुढे करावा आणि आजोबांच्या खिशात चिक्की असावी, मग तिथे डॉक्टर काय करणार?

आबाजी म्हणजे एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. पोराचा पडलेला दात कौलावर टाकायचा, म्हणजे नवा लवकर येतो, हे त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. हाडाचा की स्टीलचा, असलं काही त्या आज्याने विचारलं नव्हतं. पोराच्या तोंडातून पडला तो दुधाचा, संपलं. अडचण एवढीच, की सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरावर स्लॅब टाकला होता. स्लॅबवर दात टाकून काय उगवणार? लोधिवलीच्या त्या आळीत आता कौलं उरली होती ती शेजारच्या पदूच्या घरावर. आबाजी परसात गेले, इकडेतिकडे पाहिलं, दात चिक्कीतून सोडवला आणि भिरकावला. कौलावर टण्कन वाजलं. आबाजी समाधानाने हात धुऊन आले.

सून विनिता कपडे वाळत घालून आत आली, तेव्हा हर्षला आरशापुढे उभी होती.

"हर्षू, टोपी कुठं गेली गं?"

"पडली. आबांनी पदूआजोबांच्या कौलावर टाकली."

विनिताने बादली खाली ठेवली. सासऱ्यांशी ती कधी चढ्या आवाजात बोलत नसे. आताही बोलली नाही, पण आबाजींना वाटलं, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

"आबा, तो दात नव्हता. टोपी होती. दाढ आतच हाय. निघाली तर टोपी घेऊन लगेच या, असं मॅडम बोललेल्या. टोपीबिगर दाढ फुटंल, मग उपटायलाच लागंल."

"मग जाऊ की उद्या."

"मॅडम आज एक वाजता निघतात, त्या आठ दिवसांनी येणार. आणि तीन खेपा मारल्यात मी त्या एका दाढेला. पहिल्या खेपेला ही खुर्चीत बसली नाय. दुसऱ्या खेपेला मॅडमचं बोट चावली."

हर्षलाने गालावर हात धरला. "परत मशीन लावणार?" तिचे डोळे भरून आले. "मी नाय जाणार. दाढ फुटू दे."

आबाजींना सगळं सहन व्हायचं, नातीचे भरलेले डोळे तेवढे व्हायचे नाहीत. "मशीन नाय लावत कोण," ते म्हणाले. "तीच टोपी परत बसवायची. मी काढून आणतो. माजा शबूद हाय."

शब्द दिला तो उगाच नव्हे. आबाजींची स्वतःची कवळी करायला चार वेळा माप द्यावं लागलं होतं आणि तीन आठवडे मऊ भात खावा लागला होता. तेव्हा तोंडातली वस्तू तोंडाच्या मापाने घडवतात, तिच्यासारखी दुसरी जगात नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक. तीच टोपी पाहिजे आणि बाराच्या आत पाहिजे.

आता राहिला पदू. पदू आणि आबाजी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कारण होतं शिडी. स्लॅबच्या वेळी आबाजींनी पदूची बांबूची शिडी नेली आणि ती परत आली तेव्हा सातवी पायरी मोडलेली होती. पदू म्हणाला, तू मोडलीस. आबाजी म्हणाले, मोडकीच दिलीस. झालं. पदूने ती पायरी पुरावा म्हणून आजतागायत दुरुस्त केलेली नव्हती. शिडी पडवीत अशी टांगली होती, की येणाऱ्याजाणाऱ्याला आधी ती पायरी दिसावी.

आबाजी पदूच्या अंगणात जाऊन उभे राहिले. पदू समोर बाकड्यावर बसला होता आणि त्याची बायको अंबूबाई सुपात तांदूळ पाखडत होती. आबाजी सुपाकडे बघून बोलले.

"वयनी, जरा कौलावर चढायचं होतं."

"कशापायी, इचार त्याला," पदू म्हणाला.

आबाजींनी सांगितलं. पदू इतका हसला, की त्याला बाकड्याला धरावं लागलं. "स्टीलचा दात? कौलावर? आरं, स्टीलच्या दाताला काय नवा कोंब फुटतो? येवढं येडं मानूस साऱ्या खालापूर तालुक्यात नसंल." अंबूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खाली मान घालून पाखडत राहिल्या.

"चढू का?"

"चढ. कौलं माजी, शिडी माजी, चढ की. पन आधी बोल, पायरी कोनी मोडली?"

आबाजींनी मागे वळून पाहिलं. आळीतली चार माणसं एव्हाना कुंपणाशी आली होती. मागे हर्षला गालाला हात लावून उभी होती आणि विनिता मोबाईलमधली वेळ बघत होती. साडेदहा वाजले होते.

"मी मोडली," आबाजी म्हणाले.

"मोठ्यानं."

"मी मोडली रं. शिमिटाचं पोतं खांद्यावर घेऊन चढलो, आनि मोडली. मीच." सहा वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. बरं वाटलं की वाईट, ते आबाजींना कळेना. पदूचाही चेहरा थोडा पडला. त्याला आता भांडायला काही उरलं नव्हतं.

अडुसष्ट वर्षांचे आबाजी सहाव्या पायरीवरून एकदम आठवीवर कसे गेले, ते आळीला बरेच दिवस पुरलं. वर पोचताच पहिलं कौल फुटलं. दुसरं फुटल्यावर पदूला खाली राहवेना. "थांब, थांब, एकबी कौल ठेवनार नायस तू," म्हणत तोही चढला. अंबूबाईंनी खालून शिडी धरली. पदूच्या पायाखाली तिसरं फुटलं, तेही आबाजींच्याच नावावर पडलं.

दोघे म्हातारे घोरपडीसारखे कौलाला चिकटून सरकत होते. पाचोळा उपसता उपसता एक दात सापडला. मग आणखी दोन. मग एक रबरी चेंडू आणि पुन्हा एक दात.

"हे कोनाचं दात?" पदूने विचारलं.

कुंपणाजवळची माणसं इकडेतिकडे बघू लागली. त्यातल्या बायजाने हळूच सांगितलं, "कौलं तुमचीच राह्यलीत ना, दाजी. मग जायचं कुठं?"

"म्हंजे सारी आळी माज्या डोक्यावर दात टाकते?" पदू कौलावरूनच कडाडला. अंबूबाईंनी शिडी आणखी घट्ट धरली.

विनिता खालून वेळ सांगत होती. सव्वाअकरा. साडेअकरा. आबाजींचे गुडघे सोलले, पण एकेक पन्हळ बोटाने चाचपल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हते. बाराला दहा कमी असताना पदूने कडेच्या पन्हळीतून काहीतरी उचललं, धोतराला पुसलं आणि ऊन पडेल असं वर धरलं. स्टीलची टोपी चमकली. "मी काढली," पदू म्हणाला. "ध्यानात ठेव. मी."

विनिता पुढे, हर्षला मध्ये, आबाजी मागे आणि त्यांच्या मुठीत रुमालात टोपी, अशी स्कूटर शिळफाट्याला पोचली तेव्हा साडेबारा होत होते. नम्रता मॅडमनी हर्षलाला ओळखलं आणि आधी स्वतःचं बोट चोळलं. मग टोपी दिव्याखाली धरून त्यांनी उलटसुलट फिरवली.

"आजोबा, ही हिची नाही."

"हिचीच. कौलावरून काढलीय."

"हिची दाढ डावीकडची. ही उजवीकडची आहे."

आबाजी मटकन स्टुलावर बसले. आपण दिलेला शब्द गेला, एवढंच त्यांना समजलं. हर्षलाने त्यांचा सदरा घट्ट धरला. मॅडमनी मात्र शांतपणे कपाटातून एक पेटी काढून उघडली. आत रांगेने टोप्या होत्या, लहान, मोठ्या, डाव्या, उजव्या, वीसेक तरी.

"तयारच मिळतात या. हिच्या मापाची ही बघा. दाढेला आकार आधीच दिलेला आहे, मशीनची गरज नाही."

दहा मिनिटांत काम झालं. हर्षला रडली नाही, चावली नाही. पाच मिनिटं कापूस दाताखाली दाबून धर, असं सांगितल्यावर तिने तो असा धरला, की जबड्याला कुलूप लागलं.

आबाजी पेटीकडे बघत राहिले. एवढ्या टोप्या इथे पडून होत्या, आणि ते गुडघे सोलून कौलावर, पायरी कबूल करून, सगळ्या आळीसमोर.

"मग ही कोनाची?" त्यांनी विचारलं.

"ही कड मीच अशी तिरकी कापली होती. रोहिणीची आहे. तुमच्या शेजारच्या पदूआजोबांची नात ना ती? दिवाळीत टोपी गायब झाली, तर घरचे म्हणाले, गिळली. मी म्हटलं, घाबरू नका, केळी द्या, आपोआप बाहेर पडेल, तेवढं लक्ष ठेवा. पदूआजोबा चार दिवस स्वतः काठी घेऊन लक्ष ठेवत होते."

परतताना रोहिणीची टोपी रुमालात गुंडाळून घेऊन आबाजी स्कूटरवर एकटेच हसत होते. इतके, की विनिताला दोनदा सांगावं लागलं, "आबा, हलू नका." घरी गेल्यावर काय बोलायचं, ते शब्दाशब्दाने ठरवून झालं. येडं मानूस कोण, ते आता साऱ्या आळीला कळणार होतं.

पदू बाकड्यावरच होता. भोवती सात-आठ माणसं जमवून आबाजी कौलावर कसे चढले, ते करून दाखवत होता. मागे उंबऱ्यात अंबूबाई उभ्या होत्या. आबाजींच्या हातातला रुमाल पाहिला आणि त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. आबाजींना एकदम उमजलं, ती टोपी कौलावर कुणी टाकली होती ते. नवरा चार दिवस काठी घेऊन परसात फिरत होता आणि ही बाई केळी सोलत होती. सांगणार कशी? मघाशी तो कसा हसला, ते आबाजींनी स्वतःच बघितलं होतं.

"बसला का रं दात?" पदूने विचारलं.

सगळे आबाजींच्या तोंडाकडे बघू लागले. हर्षलाला खरं सांगायचं होतं, पण तिने कापूस अजून सोडला नव्हता. ती नुसतीच मान हलवत राहिली.

"बसला," आबाजी म्हणाले.

"माज्या कौलावरचाच?"

"तुज्याच कौलावरचा."

मग ते उंबऱ्याशी गेले आणि रुमाल अंबूबाईंच्या हातावर ठेवला. "वयनी, तुमचा राह्यलेला." अंबूबाईंनी एक कोपरा उघडून पाहिला आणि रुमाल कनवटीला खोचला. त्यांचे डोळे ओले झाले होते.

"बघा रं," पदू लोकांना सांगत होता, "मी व्हतो म्हनून सापडला. न्हायतर स्टीलचा दात कौलावर टाकनाऱ्या मानसाला अक्कल..."

"तुमी जरा गप बसा," अंबूबाई म्हणाल्या. "भावजी, आत या. च्या टाकते."

आबाजींनी चपला काढल्या आणि सहा वर्षांनी ते पदूच्या घरात गेले.