युती म्हणा, आघाडी म्हणा

कोल्ह्याने माझी कचऱ्याची पिशवी फाडली त्या सकाळी मी ड्रेसिंग गाऊनमध्ये दार उघडलं, तर बाहेर चार शेजारी रबरी हातमोजे घालून उभे. सर्वांत पुढे करमरकर काका.

"घाबरू नका," ते म्हणाले, "तुमच्या कचऱ्याच्या बिनवर हल्ला म्हणजे अख्ख्या गल्लीच्या बिनवर हल्ला. कलम पाच!"

काका लंडनच्या पिनर भागातले निवृत्त ऑप्टिशियन, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारे. आयुष्यभर लोकांना "आता नीट दिसतं का?" असं विचारलं, आता पश्चिमी देशांच्या लष्करी आघाडीबद्दल तेच विचारतात. एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, हे त्या आघाडीच्या करारातलं पाचवं कलम. "आणि ते आजवर कितीदा वापरलं?" हा प्रश्न ते स्वतःच विचारतात आणि उत्तराला एक बोट वर करतात. "एकदा! तेही रणगाड्यांविरुद्ध नाही, दहशतवादाविरुद्ध!" मी हे फार्मसीच्या रांगेत ऐकलंय, बस स्टॉपवर ऐकलंय, आणि एकदा शिडीवर चढून छपराचं गटर साफ करताना ऐकलंय.

कोल्ह्याचा बंदोबस्त मात्र झाला नाही. आघाडीत मतदान नसतं, एकमत लागतं, आणि समोरची मार्गरेट त्याच कोल्ह्याला रोज सॉसेज घालत होती. "इंटेलिजन्स कमी पडला," काका म्हणाले.

या वेडामागचं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी मीरा ब्रिटिश सैन्यात गेली, तेव्हा काकांनी वर्षभर तिच्याशी अबोला धरला. पुढे तो सोडायची इच्छा झाली, पण बोलायला विषय सापडेना. मग त्यांनी तिच्या कामाचा अभ्यास सुरू केला. ती आघाडीच्या एका मोहिमेवर परदेशात होती.

मी इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. एके दिवशी काका घरी आले.

"अहो सेक्रेटरी, मीरा रजेवर येतेय. रविवारी मला मंडळात एक तास द्या. दहशतवादाशी लढण्यात लष्करी आघाडीची भूमिका. बापाला आपलं काम कळतं, हे तिला दिसू दे. फक्त तुम्ही घोळ घालू नका."

शेवटचं वाक्य गरजेचं होतं. मागच्या गणपतीत मी आरतीची वेळ भारतीय टाइमझोनमध्ये कळवली होती.

या वेळी मी फक्त एक शब्द गाळला, बाकीचे थोडे आखडले. 'लष्करी' घेतला की पोस्टरवरची ओळ तुटत होती. व्हॉट्सॲपवर गेलं ते असं: "दहशत मोडण्यात आघाडीची भूमिका. वक्ते: श्री. करमरकर. चहा-वडे."

रविवारी वॉटफर्डच्या चर्च हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. काका हरखले. मीही कॉलर ताठ केली. मीरा मागच्या रांगेत बसली होती. तेवढ्यात नागपूरचे देशपांडे उठले.

"सेक्रेटरी, हे एकतर्फी चाललंय! आघाडीला स्टेज देता, मग युतीने काय पाप केलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्धा हॉल महाराष्ट्राच्या राजकारणावर भांडायला ट्रेन पकडून आला होता. मी माइककडे धावलो, पण काका जवळ होते.

"अहो, युती म्हणा, आघाडी म्हणा," ते प्रेमाने म्हणाले, "अर्थ एकच!"

पुढची दहा मिनिटं मी वर्णन करत नाही. युतीवाले आणि आघाडीवाले यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून मला धारेवर धरलं. मग खरा विषय कळल्यावर बहुतेक जण वड्यांकडे गेले. उरलो अकरा.

काका त्या अकरा जणांसमोर बोलले. कागद उलटसुलट झाले होते, पण बोलले. अतिरेक्यांची माहिती एकमेकांना देणं, विमानं पाठवणं, आणि सर्वांत महत्त्वाचं, तिथल्या लोकांना शिकवून तयार करणं. देशपांडे वडा हातात घेऊन परतले होते.

"काका, एवढे देश, एवढी वर्षं. दहशतवाद संपला का?"

काकांनी कागद चाळले. मागून मीरा उठली.

"नाही संपला," ती इथेच वाढलेल्या मुलांच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "माझा काम शिकवायची आहे. रस्त्यात बॉम्ब कसा शोधायची, ते तिथले पोलिसांना. काही वेळा आम्ही चुकते पण. आणि आम्ही घरी येते. ते लोक तिथेच राहते."

कोणी हसलं नाही. देशपांड्यांनी वडा खाली ठेवला.

"आणि ते शोधतात," काकांनी विचारलं, "तेव्हा तू कुठे असतेस?"

"बाबा, युअर माइक इज ऑन."

"असू दे. किती जवळ असतेस?"

"जवळ नाही, बाबा. मी लांब असतो."

"'असते' म्हण गं," काका म्हणाले. एवढंच त्यांना जमलं.

मीराने शाळेत म्हणतात तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं,

"मी लांब असते, बाबा."

काका माइकचं बटण शोधत राहिले. ते मीच जाऊन बंद केलं.