सुभानजी नाईकांनी मैदान मोकळे केले त्याची हकीकत

॥ श्री ॥ पृथ्वी गोल करणाऱ्यास नमन करोन लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्याचे बास्केटबॉलाचे पथक होते आणि सुभानजी नाईक त्याचे सरनौबत होते. महाराजांस उंच माणसांची बहुत आवड, म्हणोन पाचांपैकी चार गडी ताडमाड ठेविले होते, आणि पाचवा रायाजी, चपळ, चेंडू घेऊन टोपलीपावेतो घुसणारा. परंतु चौघे उंच टोपलीखालीच उभे राहत, त्यांस अडवावयास समोरचेही चौघे तेथेच येत, मग रायाजीने शिरावे तो पुढे माणसांची भिंत. ऐसे ओळीने पाच सामने हरले आणि महाराजांनी फर्माविले की पौर्णिमेस शेजारच्या राज्याशी सामना आहे, तोही गेला तर सरनौबती दुसऱ्यास देऊ, आणि आणखी उंच गडी हवा तर मागोन घ्यावा.

नाईकांनी उंच न मागतां भिवजी काटकर मागितला. तो अंगाने किरकोळ, धावण्यात मंद, परंतु दूरच्या रेघेबाहेरोन त्याने टाकिलेले दहांतील चार चेंडू टोपलीत पडत, आणि तेथोन पडल्यास दोहोंऐवजी तीन गुण मिळत. दरबारी हसले. परंतु अवघड गोष्ट निराळीच होती. भिवजीस घ्यावे तर चौघा उंचांपैकी धुळोजीस बाहेर बसवावे लागे, आणि धुळोजी नाईकांचा सख्खा मेहुणा, बारा वर्षे पथकात. नाईकांस दोन दिवस अन्न गोड लागेना, मग तिसरे दिवशी सरावानंतर त्याजपाशी बसोन सर्व सांगितले. धुळोजीने बुटाची नाडी सोडिली आणि बोलला, "दाजी, बारा वर्षे मी जागा धरून उभा राहिलो. ती सोडतो, पण ताईला तुम्हीच सांगा."

मग सामना जाहला. भिवजीचे पहिले तीन चेंडू वाया गेले, महाराजांनी नाईकांकडे पाहिले, तरी नाईकांनी गडी बदलला नाही. मग चौथा पडला आणि पाचवाही पडला, तेव्हा समोरचा गडी भिवजीस चिकटोन दूर आला, आणि उरलेले तिघे उंच नाईकांच्या हुकुमाने कोपऱ्यांत व रेघेबाहेर जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांस अडविणारेही मागोमाग गेले, आणि टोपलीखाली अंगण मोकळे जाहले. अखेरीस एक गुण मागे असतां रायाजी आपणास अडविणाऱ्यास हूल देऊन एकला आत शिरला, कोणी आडवे आले नाही, आणि चेंडू टोपलीत ठेविला. भिवजीने त्या वेळी चेंडूस हातही लाविला नव्हता, दूर उभा मात्र होता.

बाकापाशी धुळोजी उभा राहिला होता. तो नाईकांस हळूच म्हणाला, "दाजी, एवढी जागा इथे होती?"

सामना एका गुणाने जिंकिला, सरनौबती नाईकांकडेच राहिली, धुळोजी पुढील सामन्यांत थकल्या गड्यास विसावा द्यावयास उतरो लागला आणि संतोषाने राहिला. जैसे घडले तैसे लिहिले, कमीजास्त नाही.