राखीव निधीची पेटी

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. सन चौतीसात पोलादपूर भागात कंपनीचा छापील ताळेबंद वाचून समजावून देईल असा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी! मराठी शाळेचा हेडमास्तर. भागभांडवल म्हणा, लाभांश म्हणा, घसारा म्हणा, माझ्या तोंडून हे शब्द लाह्यांसारखे फुटत. ते मला नेमके किती कळत होते, हे पुढे येईलच.

ताळेबंद होता महाडच्या मोटार कंपनीचा. महाड ते पोलादपूर तिची गाडी धावे, आणि या गाडीचे माझ्यावर उपकार होते. गेल्या पौषात माझी बायको चंद्राबाई बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. तेव्हा ड्रायव्हरने सगळे उतारू खाली उतरवून तिला महाडला डॉक्टरांकडे पोचवलं. पैसाही घेतला नाही! बायको वाचली, मुलगी वाचली. तेव्हापासून ती खडखडणारी गाडी लांबून दिसली तरी मी मनातल्या मनात हात जोडत असे. या कंपनीसाठी आपणही काहीतरी करावं, असं फार वाटे.

तशात एक दिवस कुडपणचा हैबती पाटील शाळेत आला. हातात कंपनीचा अहवाल.

"मास्तर, देवाच्या पैशातनं गावानं पंचवीस शेअर घेतल्यात. आता ह्यो कागूद आलाय. ह्यात काय लिवलंय?"

"हात्तिच्या! रविवारी येतो. सगळ्या गावाला समजावतो!"

रविवारी डोंगर चढून कुडपणला गेलो. देवळात झाडून सगळा गाव जमला होता. मी तास-दीड तास बोललो. मुंबईत गिरणीत असलेली चार माणसं रजेवर आली होती, तीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग मी आवाज चढवला.

"राखीव निधी, रुपये अकराशे चाळीस!"

"म्हंजी काय?" हैबती म्हणाला.

"म्हणजे नफा सगळा वाटून न टाकता अडीनडीला बाजूला ठेवलेला पैसा. अगदी तुमच्या देवाच्या पेटीसारखा!"

सगळ्यांच्या माना डोलल्या. कुडपणच्या देवाच्या पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन घरांत. दर शिमग्याला ती सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, उघडायची, पैसा घोंगडीवर ओतायचा आणि गावाने मोजायचा. एक पै कमी भरली तरी पालखी उठत नाही!

"मग कंपनीची पेटी कदी उघडत्यात?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण देवळातला कोनाडान्‌कोनाडा माझ्याकडे बघत होता.

"वार्षिक सभेत, पाटील! तिथे सगळं उघडं असतं!"

सभा महाडला, धर्मशाळेत. मी आपला ऐटीत पुढच्या सतरंजीवर. अध्यक्ष महिपतराव, मोठे जमीनदार, मोठे सज्जन. अहवालाखाली सही करण्यापलीकडे त्यांचा अहवालाशी संबंध नव्हता. ज्याला सगळं ठाऊक तो हिशेबनीस नेमका तापाने फणफणला होता.

सभा सुरू होते न होते तोच कुडपणची चाळीस माणसं आत आली. पहाटे निघून डोंगर उतरून चालत! पुढे हैबती, मागे तीन किल्लीवाले, त्यामागे एकाच्या खांद्यावर नवी कोरी घोंगडी. शेवटी हैबतीची म्हातारी चुलती ठकूबाई. कोंबड्या विकून तिने स्वतःच्या नावावर एक शेअर घेतला होता आणि तो कागद ती कमरेला खोचून आली होती.

हैबतीने मधोमध घोंगडी अंथरली.

"होऊ द्या सुरू."

"काय सुरू?" महिपतराव म्हणाले.

"मोजनी! अकराशे चाळीस! आना पेटी!"

"कसली पेटी?"

"राखीव निदीची! मास्तरांनी सांगितलंय!"

सगळ्या सभेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

महिपतरावांनी भाबडेपणाने कंपनीची तिजोरी मागवली. ती घोंगडीवर पालथी केली. निघाले सदतीस रुपये चार आणे आणि एक सुपारी!

"आनि अकराशे?"

"तेवढेच असतात तिजोरीत," महिपतराव घाम पुसत म्हणाले. "बाकीचे... असतील कुठेतरी."

झालं! 'असतील कुठेतरी' हे दोन शब्द धर्मशाळेतून बाहेर पडले ते थेट बाजारपेठेत. पहिल्या दुकानात पोचेपर्यंत तिजोरी रिकामी झाली. दुसऱ्यात फोडली गेली. तांदळाच्या वखारीपाशी अध्यक्ष गलबतात बसून पळालेसुद्धा! घटकेभरात निम्मं महाड शेअरांचे कागद नाचवत दारात उभं. पळालेले अध्यक्ष समोर बसलेले दिसले तरी कोणी ऐकेना.

"कंपनी मोडा! आमचं पैसं द्या!"

"गाड्या विका!" हैबती ओरडला. "देवाचा पैसा हाय, मास्तर! उद्या देवाला काय सांगू?"

गाड्या विका!  डोळ्यांपुढे चंद्राबाई उभी राहिली, फळीवर निजवलेली, ओठ पांढरे पडलेले. उद्या दुसऱ्या कुणाची बायको अडली तर? ज्या गाडीने माझं घर वाचवलं, ती मीच माझ्या तोंडाने मोडीत काढायला निघालो होतो! मी ताडकन उठलो.

"थांबा, थांबा! मी समजावतो!"

"पुन्हा?" महिपतराव कळवळून म्हणाले.

मी अहवाल उघडला. घाईत बोट पुन्हा राखीव निधीच्याच ओळीवर पडलं. तेवढ्यात ठकूबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"मास्तर, त्या कागदात गाड्या किती लिवल्यात?"

"दोन."

"आन् मागल्या साली?"

"एक."

"मग दुसरी कशानं आनली?"

मी ताळेबंदाकडे पाहिलं. मंडळी, ताळेबंदाला दोन बाजू असतात. डावीकडे पैसा आला कुठून, उजवीकडे तो आहे कशात. कुडपणला मी डावी बाजू इतक्या थाटात वाचली की उजवीकडे बघायचं राहूनच गेलं होतं! तिथे स्वच्छ छापलं होतं: दुसरी मोटार, जुनी, रुपये अकराशे.

मी ते वाचून दाखवलं. ठकूबाई पुतण्याकडे वळली.

"हैबत्या, बी-भात राखून ठेवतो का नाय आपन? आनि आता श्रावनात कनगीत हात घातलास तर काय गावंल? उंदीर! म्हंजी भात चोरलं काय रे कुनी? शेतात उभं हाय त्ये! तसा ह्यांचा राखीव पैसा भाईर उभा हाय, चार चाकांवं!"

 मग हैबतीच्या मिशा हलल्या.

"बराबर हाय, काकी. पन मोजल्याबिगर मी जायाचा नाय!"

मग काय, सगळी सभा बाहेर! कुडपणकरांनी राखीव निधी मोजला. चाकं चार, बाकं सहा, भोंगा एक, दिवा एक.

"दिवा एकच? दुसरा कुटं गेला?"

"तो घसारा!" मी हळूच म्हणालो. "वापरात वस्तू झिजते, मोडते, म्हणून दर साली तिची किंमत थोडी कमी धरतात." त्या दिवसातला माझा हा एकच शब्द बिनतक्रार मान्य झाला. हैबतीने गाडीपुढे नारळ फोडला. कंपनी वाचली.

मी ठकूबाईच्या पाया पडलो. खरंच पडलो! चारचौघांत, महाडच्या भर बाजारात.

"आवो मास्तर, हे काय?" म्हातारी लाजली. "तुमी वाचलंत म्हनून आमाला कळलं."

परतताना कुडपणकर चालायला तयार होईनात. आपल्या निधीतच बसून जायचं! गाडी फुटेस्तोवर भरली. मी पायरीवर पाय ठेवला तर दारात हैबती.

"आज फकस्त शेअरवाले. तुमचं किती, मास्तर?"

सांगायला लाज वाटते, मंडळी. साऱ्या गावाला शेअर समजावणाऱ्या माझ्याकडे एकही शेअर नव्हता!

"येऊ दे रे त्यास्नी," आतून ठकूबाई सरकली. "बसा, मास्तर. माझ्या शेअरात अर्धी जागा हाय."

कोंबड्या विकून घेतलेल्या त्या शेअरावर अंग चोरून बसलो आणि पोलादपूरपर्यंत मनातल्या मनात हात जोडत आलो, आधी म्हातारीला, मग गाडीला. जागा अर्धीच होती. भाडं मात्र कंडक्टरने पुरतं घेतलं!