तिसऱ्या बुरुजावरचा पाहुणा

मंगळवारी दुपारी चहाच्या वेळेला व्हिडिओ गेममधला तिसऱ्या बुरुजावरचा पहारेकरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सांगलीला अण्णाप्पा मगदूम यांच्या घरी आला. भाला त्यानं बाहेर चपलांच्या मांडणीला टेकवून ठेवला, शिरस्त्राण काखेत घेतलं आणि बेल वाजवली.

दार पद्माक्कांनी उघडलं. नवऱ्याच्या मागं बसून त्यांनी हा माणूस सहा महिने टीव्हीवर पाहिलेला होता, त्यामुळे कोण पाहिजे वगैरे विचारण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. "तुमच्या त्या चोराच्या खेळातला मानूस आलाय," असं आत तोंड करून सांगितलं आणि चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.

पहारेकरी सोफ्याच्या कडेवर टेकला. खेळात तो इंग्रजीत ओरडायचा, पण इथं बोलत होता सांगलीचंच. मगदूममामांना त्याचं नवल वाटलं नाही. ज्याच्या घरात सहा महिने काढले, त्याची बोली माणूस उचलतोच.

"मामा, एक विनंती घिऊन आलोय," तो म्हणाला.

"बोला की."

"मला एकदा दिसा."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. विनंती साधी नव्हती, आणि ती कोणाकडं केली जात होती हे कळायला मामांचं थोडं मागचं सांगायला हवं.

अण्णाप्पा मगदूम, म्हणजे गल्लीचे मगदूममामा, सगळी उमर एका नाटक कंपनीत नेपथ्य हलवायला होते. प्रवेश संपला की रंगमंचावर काळोख होतो आणि काळोख सरतो तेव्हा दिवाणखान्याचा दवाखाना झालेला असतो. प्रेक्षकांना वाटतं, तो आपोआप झाला. तो मामांनी केलेला असायचा. काळा शर्ट, काळी विजार, अनवाणी पाय. खुर्ची उचलायची ती वाजता कामा नये, ठेवायची तीही वाजता कामा नये. आपण कोणाला दिसलो नाही म्हणजे आपलं काम झालं, असा हा धंदा.

एकदाच घोटाळा झाला. इस्लामपूरच्या प्रयोगाला दिवेवाल्याचा हात जरा लवकर पडला, आणि डोक्यावर खुर्ची घेतलेले मामा भर उजेडात, गच्च भरलेल्या थिएटरला दिसले. नाटक दुःखाचं होतं. नायकाचा बाप नुकताच वारला होता. तरी लोक पोट धरधरून हसले, आणि ते हसू पुढचे दोन अंक काही आवरलं नाही. मालक प्रयोगानंतर एवढंच म्हणाले, "परत दिसलास तर घरी बस." मामा परत दिसले नाहीत. कंपनीचा शेवटचा प्रयोग झाला तेव्हा मालकांनी पडद्यापुढं येऊन एकेकाचं नाव घेतलं, अगदी चहावाल्याचंसुद्धा. मामा तेव्हा पडद्याची दोरी धरून उभे होते. त्यांचं नाव घ्यायचं राहिलं. मालकांच्या मनात वाईट काही नव्हतं. इतकी वर्षं न दिसलेला माणूस आठवणार तरी कसा?

तर असा हा माणूस घरी बसला, आणि त्यांच्या मुलीनं, शैलानं, गेम खेळायचं नवं खोकं घेतल्यावर जुनं आईबापांकडं आणून टाकलं. त्यातल्या एका खेळात दिसेल त्याला गोळ्या घालायच्या होत्या, दुसऱ्यात गाडी भरधाव हाणायची होती. मामांनी दोन्ही बाजूला ठेवले. तिसरा किल्ल्याचा निघाला. काळ्या कपड्यातला एक माणूस, अनवाणी, अंधारातून चाललेला. मामांनी तो बघितला आणि त्यांना एकदम आपलं वाटलं. शैलानं त्यांचं नाव त्यात घालून दिलं आणि ती पुण्याला गेली. त्यानंतर मामांनी एकामागून एक सहा किल्ले पार केले, आणि गेले सहा महिने ते या सातव्या, शेवटच्या किल्ल्यातल्या वाटा शिकत होते. एकाही पहारेकऱ्याला ते दिसले नव्हते.

"मला न्हाई जमायचं," मामा पहारेकऱ्याला म्हणाले. "ह्यो शेवटचा किल्ला. आतल्या म्हाताऱ्या वैद्याला भाईर काढला की झालं. सगळ्या खेळात कुनालाच दिसला न्हाई, त्याला 'सावली' ही पदवी मिळती. काळा शेला मिळतो. आनि नाव येतं पडद्यावर. पडदाभर येतं."

"ठाव हाय मला."

"एकदा जरी दिसलो तरी ती जाती. परत मिळत न्हाई."

"ते बी ठाव हाय." पहारेकऱ्यानं शिरस्त्राण मांडीवर फिरवलं. "पन उद्या सकाळी अपडेट येतोय, मामा. जमादारानं समद्यांचं काम तपासलंय. ज्यानं आजवर एक बी घुसखोर बघितला न्हाई, त्याला पहाऱ्यावर ठेवत न्हाईत. सामानात घालत्यात."

"सामानात म्हंजे?"

"दोन नंबरच्या बुरुजावर आदी एक पहारेकरी हुता, आठवतोय? मागच्या अपडेटला त्याचं पिंप केलं. जिन्याखालचं. तुमी रोज त्याच्याच मागं दबा धरून बसता."

त्या पिंपाला ते रोज पाठ टेकवून बसत. एकदा तर त्याच्यामागं बसून, खेळ तसाच चालू ठेवून, त्यांनी शेंगदाणे खाल्ले होते.

"मग तुमीच जरा डोळ्यात तेल घालून बघा की," ते म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"बघतो की वो. दिसतच न्हाई तुमी."

हे ऐकून मामांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात चमचा पडला. पहारेकरी ताडकन उठला, "कोन हाय तिकडं?" म्हणाला, दारापर्यंत गेला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि परत येऊन बसला. "मांजर असंल," तो म्हणाला.

"मांजर न्हाई, मी हाय," पद्माक्का आतून म्हणाल्या.

पहारेकऱ्यानं मान डोलावली. त्याच्या नेमणुकीत तेवढंच वाक्य दिलेलं होतं, त्याला तो तरी काय करणार? पद्माक्कांनी त्याच्यापुढं चिवड्याची ताटली ठेवली आणि त्यांच्याकडं कोणी लक्ष देईना तरी तिथंच खुर्ची ओढून बसल्या.

"मामा, एक इचारू?" पहारेकरी म्हणाला. "एवढं काय हाय वो ह्या खेळात? मी आतच असतो, मला काय कळत न्हाई. तुमी जेवन इसरून बसता, ते कशापायी?"

हा प्रश्न मामांना आजवर कोणी विचारला नव्हता. शैलाला तो खेळ संथ वाटायचा, आणि पद्माक्कांनी नवऱ्याला कसलीच कारणं विचारायचं सोडून जमाना झाला होता. मामा जरा सावरून बसले.

"बाकीच्या खेळात पुढं आला त्याला आडवा करायचा असतो. त्यो कोन हाय, ह्याच्याशी काय देनं-घेनं न्हाई. ह्यात कुनाला बोट लावायला लागत न्हाई. ह्यात बघायला लागतं. आंधारात गप बसायचं, आनि समोरचा मानूस पुरता वळखीचा हुईपतोर जागचं हलायचं न्हाई. घाई केली की संपलं. आता तुमचंच घ्या. तुमी मशालीपाशी आला की हात शेकता. मग चालायला लागला की डावा पाय जरा वढता. पुढं भिंतीपाशी गेला की थांबता, आनि खाली नदीकडं बघता."

पहारेकऱ्याच्या हातातला चिवडा हातातच राहिला.

"किल्ल्यात एवढी मानसं हायत," मामा म्हणाले, "दुसरं कोन बी नदीकडं बघत न्हाई. ते काय पहाऱ्याच्या कामातलं नव्हं. तुमी आपलं आपन बघता. तेवढ्यात मी मागनं निसटतो. पन खरं सांगू का, कधी कधी मी बी निसटत न्हाई. थांबतो. तुमचं बघून झालं की मग जातो."

पहारेकरी खिडकीपर्यंत चार पावलं गेला, वळला, परत आला. अस्वस्थ झाला की त्याचे पाय तेवढंच करत.

"मी नदीकडं बघतो," तो म्हणाला, "हे कुनी बघितलंय, असं मला कधी वाटलंच न्हाई वो."

त्याला गहिवरून आलं होतं. गहिवरण्याची सोय त्याच्या चेहऱ्यात केलेली नव्हती, पण मामांना ते कळलं.

"मी बी जायाची ह्यांच्या नाटकाला," पद्माक्का मधेच म्हणाल्या. त्या पहारेकऱ्याला सांगत होत्या. "लगीन नवं हुतं तवा. समदी लोकं नट बघायची आनि मी आंधार बघायची. कुठंतरी हालचाल दिसंल, हात दिसंल, काय तर दिसंल म्हनून. डोळं फाडून बघायची."

मामा त्यांच्याकडं बघतच राहिले. "तू कवा आलीस?"

"लई येळा. मागच्या रांगेत."

"मला सांगितलं न्हाईस कधी."

"दिसला असता तर सांगितलं असतं," पद्माक्का म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

पहारेकऱ्याची रजा संपत आली होती. त्यानं शिरस्त्राण घातलं, दारात जाऊन भाला घेतला. माणूस भला, त्यानं पुन्हा गळ घातली नाही. "न्हाईच जमलं तर मनाला लावून घिऊ नगा," एवढंच म्हणाला. "मला बी पिंपच करतील. तुमी मागं बसत जावा. वळखीचं मानूस बरं."

दिवेलागणीला मामांनी टीव्ही लावला आणि दोन मुठींचा तो रिमोट हातात घेतला.

किल्ल्यात शिरताना त्यांनी कुठं घाई केली नाही. कुत्र्याला वाऱ्याची दिशा बघून चुकवलं. जिन्याखाली आले तेव्हा त्यांना पिंपाला पाठ टेकवेना. ते जरा अंतर राखून बसले आणि निघताना "येतो" म्हणाले. तळघरातून म्हाताऱ्या वैद्याला सोडवलं, त्याला मागं घेतलं आणि तिसऱ्या बुरुजापाशी आले. बुरुजापलीकडं दरवाजा होता, आणि दरवाज्यापलीकडं मामांचं नाव होतं, पडदाभर.

पहारेकरी आला. मशालीपाशी थांबून त्यानं हात शेकले. डावा पाय जरा ओढत भिंतीपाशी गेला आणि खाली नदीकडं बघू लागला.

वाट मोकळी होती. पहारेकरी मुद्दाम मागं वळला नाही, की आठवण द्यायला खाकरला नाही. तो रोजच्यासारखा नदीकडं बघत होता, फक्त आज जरा जास्त वेळ. मामांचा अंगठा बटणावर होता. इस्लामपूरचं ते हसू त्यांना आठवलं. एवढी वर्षं जे जपलं, ते आपल्या हातानं घालवायचं म्हणजे काय, हे दुसऱ्याला सांगून कळण्यासारखं नाही. पहारेकरी हलला. आता तो वळला, की पुढच्या फेरीला जाणार.

मामांनी काळ्या कपड्यातल्या माणसाला अंधारातून बाहेर काढलं, मशालीच्या उजेडात मधोमध आणून उभं केलं, आणि पायानं एक खडा उडवला.

पहारेकरी गर्रकन वळला. "कोन हाय तिकडं?" तो ओरडला. खेळात तो पहिल्यांदाच सांगलीचं बोलला.

मामा सोफ्यावरून उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी," ते म्हणाले. "अण्णाप्पा भरमू मगदूम. सांगली."

पहारेकऱ्यानं मांजराचं नाव काढलं नाही. त्यानं भाला उंच केला आणि घंटेचा दोर ओढला. सगळ्या बुरुजांवरच्या घंटा वाजायला लागल्या, चारी बाजूंनी माणसं मशाली घेऊन धावत आली, जमादार धापा टाकत आला आणि तिसऱ्या बुरुजवाल्याच्या पाठीवर त्यानं थाप मारली. वैद्य खाली बसून राहिला. त्याला कैदेची सवय होती. उजेड इतका झाला, की टीव्हीतून तो भिंतीवर पडला, पंख्यावर पडला, मामांच्या अंगावर पडला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. कोणी हसलं नाही. मामांना हातांचं काय करावं कळेना, कारण हातात खुर्ची नव्हती.

घंटांच्या आवाजानं पद्माक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी टीव्हीकडं बघितलं, मग उजेडात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं, चांगलं निरखून.

"आज दिसलासा," त्या म्हणाल्या.